गाडीचं ॲव्हरेज पडलंय? इंजिन उघडण्याआधी चाकांकडे बघा

आधी लक्षणं.

टाकी फुल केली की पूर्वी जळगाव-धुळे दोनदा जाणं-येणं व्हायचं आणि वर गावातलं फिरणंही निघायचं. आता दुसऱ्या परतीला एरंडोल येईस्तोवर पिवळा दिवा लागतो. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी आपसूक पळत राहायला हवी, ती मागून कोणी धरल्यासारखी बसते. गाडीतून उतरलं की एखाद्या चाकापाशी जळका वास येतो. स्टिअरिंग सैल धरलं की गाडी एका अंगाला जाते. इंजिनचा आवाज चढतो, वेग मात्र चढत नाही. सकाळी निघून दहा-पंधरा किलोमीटर झाले तरी टेम्परेचरचा काटा खालीच. सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी. किंवा यातलं काहीच नाही, फक्त पंपावर पैसे जास्त जाताहेत.

तीन लक्षणं मात्र वेगळी: पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास, लुकलुकणारा चेक इंजिनचा दिवा, आणि मऊ पडलेलं किंवा दाबल्यावर खाली खाली जाणारं ब्रेकचं पेडल. यातलं एकही असेल तर पुढचं काही वाचत बसू नका. गाडी सुरक्षित जागी लावा आणि मेकॅनिक बोलवा.

बाकीच्यांसाठी पुढचा क्रम. पारोळ्यासारख्या हायवेवरच्या गावात गॅरेजचं काम करताना "भाऊ, गाडी आवरेज देस नही" हे नेहमीचं ऐकणं. त्याच दमात समोरचा म्हणतो, "इंजेक्टर साफ करून टाक." इंजेक्टरला, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाला, मी शेवटी हात लावतो. दुखणं बहुतेक वेळा बॉनेटखाली नसतंच. ते चाकात, डिकीत नाहीतर चालवणाऱ्याच्या उजव्या पायात असतं. आणि पेट्रोल खाणारा बिघाड आणि घाटात घात करणारा बिघाड पुष्कळदा एकच निघतो. म्हणून ॲव्हरेजची तक्रार आली की मी ती ब्रेकच्या तक्रारीइतकीच मनावर घेतो.

मोजल्याशिवाय तक्रार नको

खर्च शून्य. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा हा गाडीने स्वतःच केलेला हिशेब असतो, आणि तो बहुधा स्वतःच्या बाजूने असतो. "पाचशेचं टाकलं, लवकर संपलं" हाही हिशेब नव्हे. टाकी ते टाकी मोजा. एका पंपावर, एका नोझलने, पहिल्यांदा आपोआप कट होईपर्यंत भरा. ट्रिप मीटर शून्यावर आणा. नेहमीसारखी गाडी चालवा, निम्म्याहून जास्त टाकी रिकामी होऊ द्या, मग त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. ट्रिप मीटरवर ४२० किलोमीटर आणि आत बसलं २८ लिटर, तर ॲव्हरेज १५. कट झाल्यावर पंपावरचा पोरगा हिशेब सरळ करायला अजून थोडं कोंबतो, ते करू देऊ नका. त्याने आकडा बिघडतो आणि टाकीची वाफ ओढणारी यंत्रणाही खराब होऊ शकते. असं निदान दोन-तीन टाक्या करा, तेव्हा आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

पंपावरच संशय असेल तर भांडण न करता पाच लिटरचं माप मागा. वजनमापे खात्याने तपासलेलं हे माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकाला त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. संशय घेणारे पुष्कळ असतात, माप मागणारा विरळा.

आता आकडा कशाशी ताडायचा? जाहिरातीतल्या आकड्याशी नाही. तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे काढलेला असतो. तिथे ना चाळीसगाव रस्त्याचे खड्डे असतात, ना मे महिन्याची दुपार. आपल्याच गाडीच्या मागच्या वर्षीच्या याच दिवसांतल्या ॲव्हरेजशी ताडा. दहा टक्क्यांच्या आतबाहेरचा फरक ऋतू, रस्ता आणि इंधन यांच्यातच जिरतो. पंधरा टक्क्यांच्या पुढे गेला की मी शोधायला लागतो.

हवा, आणि खानदेशातला एक हट्टी समज

उन्हाळा लागला की पंक्चरवाल्याकडे ऐकू येतं: "भो, ऊन वाढलंय, दोन-चार पॉइंट कमीच ठेव, नाहीतर फुटंल." जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे ही भीती खरी वाटते. पण यात सगळं उलटं आहे.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेने. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त पसरतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजूची भिंत वाकते आणि पुन्हा ताठ होते. त्या वाकण्यातून रबराच्या आतच उष्णता तयार होते, आणि त्यात वाया जाणारी ताकद पुरवायला इंजिनला जास्त पेट्रोल जाळावं लागतं. वर तापलेला रस्ता, मागे चार माणसं, वेग शंभर. मग आतले धागे सुटायला लागतात. म्हणजे फुटू नये म्हणून जी हवा काढली, तिच्याच कमतरतेने टायर फुटतो.

गरम झाल्यावर टायरमधला दाब वाढतो हे बरोबर आहे. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंक्चरवाल्याचा 'पॉइंट') वाढतो, आणि हायवेवर धावून आलेला टायर चार-सहा पीएसआय जास्त दाखवतो. पण कंपनीने दिलेला आकडा ही वाढ धरूनच दिलेला असतो. तो थंड टायरचा आकडा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली, किंवा जेमतेम दोनेक किलोमीटर चाललेली. म्हणून हवा सकाळी, ऊन चढायच्या आत, घराजवळच्या पंपावर बघा. वाटेत गरम टायर मोजावा लागला आणि आकडा जास्त दिसला तर हवा काढू नका. गरम असूनही आकडा कंपनीइतकाच किंवा कमी दिसला, तर समजा हवा खरोखर कमी आहे. तात्पुरती भरा आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना नीट करा.

आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. तिथे बहुधा दोन ओळी असतात: कमी माणसांसाठी एक, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरी. टायरच्या बाजूला कोरलेला 'मॅक्स' आकडा भरायचा नसतो. ती टायरची कमाल मर्यादा असते. "सगळ्यांना पस्तीस" हे पंक्चरवाल्याच्या सोयीचं गणित आहे, तुमच्या गाडीचं नाही. काही शे रुपयांचा स्वतःचा गेज घ्या आणि डिकीत ठेवा. धुळीत दिवसभर आपटणारा पंपावरचा गेज कधी खरं बोलतो, कधी नाही.

हवा एकटीच ॲव्हरेज आडवं करत नाही, हेही लक्षात घ्या. चारही टायरांत एक पीएसआय कमी म्हणजे साधारण ०.२ टक्के तोटा. दहाने कमी असली तरी दोनच टक्के. पण टायर कडेने झिजतो, ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाते आणि फुटण्याचा धोका आहेच. हे तपासायला दहा मिनिटं लागतात, म्हणून ही तपासणी पहिली. मेमध्ये भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे आपोआप तीन-चार पीएसआय उतरलेली असते, शिवाय महिन्याला थोडी थोडी झिरपते ती वेगळी. स्टेपनी पण बघा. ती लागते तेव्हाच कळतं की तिच्यात हवा नाही.

मोजतानाच टायरचं वयही वाचून घ्या. बाजूला चार आकडी कोड असतो: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. आपल्याकडच्या उन्हात बारा महिने उघड्यावर उभ्या गाडीचा टायर नक्षी शाबूत असूनही बाजूने तडकतो. तडे दिसले किंवा नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आली, की ॲव्हरेजचा विचार सोडा, टायर बदला. नायट्रोजन भरायचा असेल तर भरा, वाईट काही नाही; साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

डिकी, कॅरियर आणि उजवा पाय

हेही फुकट. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली बहीण परत गेली, पण तिच्यासाठी आणलेलं दादर ज्वारीचं पोतं डिकीतच राहिलं, असं मी पाहिलंय. पन्नास किलोने एक-दोन टक्के जातात. छतावरचं कॅरियर जास्त खातं, कारण ते हवेला अडवतं. लग्नसराई संपली की ते खाली उतरवा. त्यावर बॅगा बांधून हायवेला निघालात तर दहा टक्क्यांच्या पुढचा तोटाही होतो.

वेगाचं जास्त महत्त्वाचं. नागपूर-सुरत हायवे फागणे-तरसोद (धुळे ते जळगाव) पट्ट्यात चौपदरी झाला आणि लोक म्हणू लागले, रस्ता चांगला झाला पण ॲव्हरेज घसरलं. यात नवल काही नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले की तो दीडपटीहून जास्त, नेमका ५६ टक्क्यांनी वाढतो. जळगाव-धुळे नव्वदेक किलोमीटरला त्या बदल्यात वाचतात तेरा-चौदा मिनिटं, तीही वाटेत ट्रॅक्टर, केळीचे ट्रक आणि उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल नसेल तर. एक टाकी ऐंशीने चालवून मोजा. गाडीला काही झालं नव्हतं हे अनेकांना तिथेच कळतं.

दुसरी सवय थेट जिवावर बेतणारी. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना किंवा कोंडाईबारी घाटात पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची, काही बहाद्दर तर इंजिनच बंद करतात. इंजेक्शनच्या गाड्यांत यातून पेट्रोल वाचत नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि कंप्युटर इंधन बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जाळावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जातं, आणि वर गाडी रोखायचा सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद केलं तर दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगड होतं, पॉवर स्टिअरिंग जातं, आणि चावी फार फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. घाट ज्या गिअरने चढलात त्याच्याच आसपासच्या गिअरने उतरा.

बिघाड नसलेली दोन कारणं

एसी आणि इथेनॉल. एसीने कडक उन्हात, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, चतुर्थांशापर्यंत ॲव्हरेज जाऊ शकतं. भर दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत बसून दोन किलोमीटरवर मार्केटला जायचं, म्हणजे इंजिन अजून पुरतं गरम झालेलं नसतं आणि एसी मात्र पूर्ण जोरात. त्यात मापायचं काय? आधी काचा उघडून मिनिटभर गरम हवा बाहेर काढा, मग एसी लावा. जिनिंगच्या दिवसांत गाडीच्या नाकासमोरच्या जाळीमागे कापसाचे तंतू आणि किडे साचतात. बाहेरच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर पातळ पत्रे आडवे होतात आणि एसी कायमचा दमतो.

इथेनॉलचं म्हणाल, तर लिटरमागे त्याच्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. आता जवळपास सगळीकडे २० टक्के मिश्रण मिळतं. आधीच्या १० टक्क्यांशी ताडलं तर नुसत्या ऊर्जेच्या हिशेबाने तीनेक टक्के कमी यायला हवेत. जुन्या गाडीत थोडं जास्त. ज्याची गाडी १८ वरून १३ वर आली त्याने इथेनॉलला शिव्या देऊन समाधान मानू नये.

ब्रेक चिकटलाय का

इतकं करून आकडा हलला नाही तर बिघाड खरा आहे, आणि माझा पहिला संशय ब्रेकवर. आपल्या भागात याला कारण काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्या गाडीच्या चाकात ती आतून थापून बसते आणि ऊन पडलं की वाळून कडक होते. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबून चाक थांबवणारा भाग) ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांच्यावरचं रबरी बूट फाटलं की माती-पाणी तिथे शिरतं. अशी पिन उपसून काढली की ग्रीसच्या जागी तांबूस-काळा चिकट लगदा निघतो, कधी पिन निघतच नाही, ठोकून काढावी लागते. पिन सरकत नाही म्हणजे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता आणि गाडी त्याच वेळी थोडा ब्रेकही मारत असते.

घरी तपासायला हातपान्याची गरज नाही. मोकळ्या, सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर जा, शक्यतो ब्रेक न मारता. हळूहळू वेग उतरवून थांबा. लगेच चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या, दोन-तीन बोटं अंतर ठेवून. हात लावू नका, चिकटलेल्या ब्रेकची डिस्क कातडी सोलते. पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी गरम असणारच. डावं आणि उजवं ताडून बघा. एक चाक शेजाऱ्यापेक्षा उघड जास्त गरम असेल, जळका वास असेल, रिमवर एकाच बाजूला काळी भुकटी जास्त बसली असेल, तर सापडलं.

दुसरी खूण: सपाट अंगणात इंजिन बंद, न्यूट्रल, हँडब्रेक खाली, आणि गाडी निसटलीच तर ब्रेक दाबायला कोणीतरी आत बसलेलं. छोटी गाडी एका धडधाकट माणसाच्या रेट्याने सरकायला हवी. दोघांनीही हलत नसेल तर काहीतरी धरतंय. मग जॅक लावून एकेक चाक हाताने फिरवून बघता येतं. विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढूनमागून दगड लावा आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. डिस्कचा हलका खर्रखर्र आवाज चालतो, पण चाक हाताने सहज फिरलं पाहिजे.

मागची चाकं धरत असतील तर हँडब्रेकची केबल बघायला सांगा. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी केली की केबल गंजून तिथेच राहते. सपाट जागी जास्त दिवस उभी करायची असेल तर गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

इथून पुढे घरचं काम संपलं. कॅलिपर उघडणं, पिना साफ करणं, ब्रेकची हवा काढणं हे ज्याला रोजचं आहे त्यानेच करावं. पिनांना साधं ग्रीस लावणाऱ्यालाही अडवा. त्याने रबर फुगतं, ब्रेकसाठीचं वेगळं ग्रीस येतं. त्याच वेळी ब्रेक ऑइलही विचारा. ते हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ च्या आसपास येऊ शकतो. चिकटलेल्या ब्रेकने ते घाटात उकळलं की पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षांनी बदलायचं हे ऑइल गाडी विकेपर्यंत न बदलणारे आमच्याकडे पुष्कळ येतात.

अलाइनमेंट, फिल्टर, पीयूसी

खड्ड्यात जोरात चाक आपटल्यापासून गाडी ओढत असेल, किंवा टायरवरून आडवा हात फिरवताना एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखं लागत असेल, तर अलाइनमेंट करून घ्या. काही शे रुपयांचं काम आहे, आणि टायर वाचतात.

एअर फिल्टर आपल्या धुळीत कंपनीच्या वेळापत्रकाच्या आधीच भरतो, तेव्हा तो बघाच. पण अपेक्षा बेताची ठेवा. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर तुंबला तर मुख्यतः पिकअप मरतो, कारण कंप्युटर येईल तितक्या हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो. डिझेलमध्ये काळा धूर दिसतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची पूर्ण धार कागदी फिल्टरवर मारू नका. कागदाला बारीक भोकं पडतात आणि तीच धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. काळाठिक्कर असेल तर नवा टाका.

पीयूसीचा कागद बहुतेक जण पोलिसासाठी ठेवतात. तो वाचा. पेट्रोल गाडीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा आणि त्याच्या शेजारी मर्यादा छापलेली असते. आकडा मर्यादेच्या जवळ किंवा वर असेल तर इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाळतंय, आणि मग पुढच्या तपासण्यांवर खर्च करायला कारण आहे. अर्थात नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली असेल तर. नुसता नंबर प्लेटचा फोटो काढून मिळालेल्या कागदावरून निदान होत नाही.

काढून टाकलेला 'वॉल'

हे खास आपल्याकडचं. गाडी उन्हाळ्यात गरम झाली की काही मेकॅनिक थर्मोस्टॅट, म्हणजे ज्याला गॅरेजवर 'वॉल' म्हणतात, तो काढूनच टाकतात. "खानदेशात लागतच नाही तो" असं वर सांगतात. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने काढलेला असण्याची शक्यता धरून चला.

थर्मोस्टॅट इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर योग्य तापमानाला येतं. तो नसला किंवा उघडाच अडकला तर इंजिन गार राहतं. कंप्युटरला वाटतं, इंजिन अजून गरम झालेलं नाही, आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. मे महिन्यात गावातल्या ट्रॅफिकमध्ये हे कळणार नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हायवेला काढा: काटा मध्यावर यायला फार वेळ लागतो, आणि वेग धरला की पुन्हा खाली उतरतो. ज्या गाड्यांत काटाच नाही, नुसता निळा दिवा असतो, त्यात तो बराच वेळ विझत नाही.

नवा थर्मोस्टॅट बसवून घ्या, आणि गाडी गरम होण्याचं जे मूळ कारण होतं तेही शोधायला लावा. आपल्या भागात ते पुष्कळदा बोअरचं पाणी असतं. त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून बुजतात. कंपनीचं कूलंटच घाला. घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटर मिसळून. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कोणत्याही कारणाने उघडू नका. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं आणि ते थेट तोंडावर येतं.

इथून पुढे स्कॅनर

ब्रेक मोकळे, थर्मोस्टॅट ठीक, तरी पीयूसीचा आकडा चढा किंवा चेक इंजिनचा दिवा पेटलेला. आता अंदाजाने पार्ट बदलण्यापेक्षा स्कॅनर लावणारा मेकॅनिक गाठा. ऑक्सिजन सेन्सर, टेम्परेचर सेन्सर, झिजलेले स्पार्क प्लग, गळणारा इंजेक्टर, यातलं काय ते कोड आणि चालू आकडे बघून ठरतं. सीएनजीच्या गाडीत प्लगवर ताण जास्त येतो, म्हणून तिथे प्लग आधी. इंजेक्टर साफ करायची पाळी आली तर ती इथे.

दिवा स्थिर पेटला तर गाडी बेताने चालवत गॅरेजला नेता येते. लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन जळत नाहीये. ते सायलेन्सरच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो महागडा भाग वितळवतं. तिथे थांबायचंच.

क्लचचं एक लक्षण अनेक जण इंजिनवर ढकलतात. मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम झपकन चढले आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. याला घरगुती उपाय नाही. क्लच बदलला की पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय सोडा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

कधी थांबायचं

हवा, वजन, वेग, तळहाताची तपासणी, पीयूसी वाचणं: एवढं कोणीही करावं. ब्रेक, इंधनाची नळी, सीएनजीचं काहीही आणि एअरबॅगच्या वायरी यांना घरी हात लावू नये. सीएनजीचा वास आला तर सिलिंडरचा हाताचा वॉल्व बंद करा, दारं उघडी टाका, चावी फिरवून बघू नका आणि गाडी ढकलत उघड्यावर आणा. पेट्रोल गळत असेल तर "पुढच्या गावापर्यंत नेतो" म्हणू नका.

मेकॅनिककडे जाताना "ॲव्हरेज देत नाही" एवढंच सांगू नका. टाकी ते टाकीचे आकडे, कोणतं चाक गरम लागलं, काटा कुठे राहतो, पीयूसीचा कागद, हे त्याच्यासमोर ठेवा. जुना पार्ट परत मागा. एकावेळी एकच दुरुस्ती करून घ्या आणि मध्ये एक टाकी मोजा, नाहीतर कशाने फरक पडला ते त्यालाही कळत नाही आणि बिल मात्र सगळ्याचं येतं.

रस्त्यातच ब्रेक गरम झाल्याचा वास आला तर गाडी सपाट, मोकळ्या जागी, वाळलेल्या गवतापासून लांब थांबवा. चाकावर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वेडीवाकडी होते. अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या, पेडल घट्ट लागतंय याची खात्री करा आणि घाट समोर असेल तर उतरूच नका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा, ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. त्रिकोण गाडीच्या बराच मागे लावा आणि माणसांना रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभं करा, गाडीत बसवून ठेवू नका.